युरोपातलं प्रबोधन सुरू कुठून झालं? १४५३ च्या आधीची शंभर वर्षं

बोरू_आणि_दौत

मागच्या आठवड्यात भाची इतिहासाची तयारी करत होती. 'युरोपात प्रबोधन का घडून आले?' याचं उत्तर तिला तोंडपाठ होतं. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तिथले विद्वान ग्रीक ग्रंथ घेऊन इटलीला गेले आणि प्रबोधनाला सुरुवात झाली. मीही शाळेत हेच लिहून पूर्ण गुण घेतले होते. पण शेजारी नुसती सनावळी मांडली तरी हे उत्तर अडखळतं.

२९ मे १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलं, तेव्हा इटालियन कवी पेट्रार्कला जाऊन ७९ वर्षं झाली होती. चित्रकार मासाच्चो ऐन पंचविशीत गेला, त्यालाही २५ वर्षं उलटली होती. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट पुरा होऊन १७ वर्षं झाली होती आणि तो बांधणारा ब्रुनेलेस्की त्याच कॅथीड्रलमध्ये पुरला गेला होता. शिल्पकार गिबर्तीने बाप्टिस्ट्रीच्या, म्हणजे कॅथीड्रलसमोरच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या, आपल्या दुसऱ्या दरवाजाचं काम आदल्याच वर्षी हातावेगळं केलं होतं. म्हणजे घर बांधून झालं, माणसं राहायला आली, आणि आपण त्यानंतरची तारीख पायाभरणीची म्हणून सांगतो.

मग पाया कुणी घातला? मी गेली काही वर्षं मोडी कागद वाचते, त्यामुळे माझी नजर राजे आणि चित्रकार यांच्याआधी लिहिणाऱ्या हातांकडे जाते. इटलीच्या बाबतीत पाहायचं ते तिथेच, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. हे सगळं सुरू झालं नोटरींच्या, म्हणजे दस्तऐवज लिहिणाऱ्यांच्या बैठकीवर.

तेव्हा इटलीत खरेदीखत असो, मृत्युपत्र असो की हुंड्याचा करार, सगळं लॅटिनमध्ये आणि नोटरीच्या हातचं लागे. त्यामुळे गावोगाव लॅटिनवर पोट असलेली, पण पाद्री नसलेली माणसं होती. पॅदुआ शहरात १३ व्या शतकाच्या अखेरीला लोवातो लोवाती नावाचा न्यायाधीश आणि त्याच्या मागोमाग आल्बेर्तिनो मुसातो नावाचा नोटरी, कचेरीतलं काम सांभाळून जुन्या रोमन कवींच्या वळणाच्या कविता लिहू लागले. १३१५ मध्ये मुसातोला पॅदुआने जाहीर समारंभात कवी म्हणून मुकुट घातला. इथे ना कोणी तुर्क, ना कोणी ग्रीक निर्वासित.

पेट्रार्क नोटरीचाच मुलगा. बापाने त्याला कायदा शिकायला आधी माँपेल्येला, मग बोलोन्याला पाठवलं. पोरगा कायदा सोडून कवी वाचतोय हे कळल्यावर बापाने त्याची पुस्तकं आगीत टाकली आणि त्याचं रडणं बघून त्यातली दोन परत ओढून काढली, एक रोमन कवी व्हर्जिलचं आणि एक रोमन वक्ता सिसेरोचं. ही हकीकत पेट्रार्कनेच म्हातारपणी लिहून ठेवली आहे. पुढे १३४५ मध्ये व्हेरोनाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथसंग्रहात त्याला सिसेरोने मित्राला, आत्तिकसला, लिहिलेली खाजगी पत्रं सापडली. त्याने ती स्वतः उतरवून घेतली. तोवर त्याच्या मनातला सिसेरो म्हणजे शांत, विरक्त तत्त्वज्ञ. पत्रांत निघाला तो भांडणारा, घाबरणारा, सत्तेच्या मागे धावणारा माणूस. पेट्रार्क इतका दुखावला की त्याने सिसेरोला पत्र लिहिलं. चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला, रागावून, जवळच्या माणसाला लिहावं तसं.

माझ्यासाठी प्रबोधनाची सुरुवात या पत्रात आहे. आधीच्या शतकांनीही सिसेरो वाचला होता, पण तो आपल्यापेक्षा वेगळ्या काळातला, हाडामांसाचा माणूस होता, आपल्यात आणि त्याच्यात हे एवढं अंतर आहे, असं इतक्या टोचणीने कुणाला वाटलं नव्हतं. अंतर जाणवल्याशिवाय ते ओलांडायची ओढ लागत नाही.

पुढची पिढी कोलुच्चो सालुतातीची. हाही नोटरी. १३७५ पासून १४०६ ला मरेपर्यंत तो फ्लॉरेन्सचा चॅन्सलर होता, म्हणजे आपल्या भाषेत चिटणीस. राज्याची सगळी पत्रं त्याच्या हातून जात. त्याच्या एका पत्राने हजार घोडेस्वारांपेक्षा जास्त नुकसान केलं, असं मिलानचा व्हिस्कोंती ड्यूक म्हणाल्याचं सांगतात. या सालुतातीने कॉन्स्टँटिनोपलहून मॅन्युएल क्रायसोलोरसला पगार देऊन बोलावलं आणि १३९७ पासून फ्लॉरेन्समध्ये ग्रीकचे वर्ग भरू लागले. सन पुन्हा पाहा, १३९७. शहर पडायच्या ५६ वर्षं आधी, निर्वासित म्हणून नव्हे, मुद्दाम आमंत्रण देऊन आणलेला शिक्षक! लिओनार्दो ब्रुनी तेव्हा कायदा शिकत होता. कायद्याचे मास्तर पुष्कळ आहेत, कधीही मिळतील, ग्रीकचा हा एकच आहे, आणि सातशे वर्षांत इटलीत कुणाला ग्रीक आलेलं नाही, असा विचार करून त्याने कायदा सोडला.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, अक्षर.

त्या काळची पुस्तकं गॉथिक वळणात असत. अक्षरं टोकदार, एकमेकांना खेटलेली, आखूड रूपांनी भरलेली. लांबून देखणी, जवळून डोळे थकवणारी, अशी पेट्रार्कने म्हातारपणी तक्रार केली होती. सालुतातीचीही तीच कुरकुर. १४०० च्या सुमारास त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पोज्जो ब्राच्चोलिनी या तरुणाने जुन्या पोथ्यांतलं गोल, सुटं, मोकळं अक्षर गिरवायला घेतलं. या वळणाला ते लोक 'जुनं अक्षर' म्हणत. प्रत्यक्षात ते अक्षर सिसेरोच्या काळचं नव्हतंच. ते होतं शार्लमेन राजाच्या काळापासूनचं. आठव्या शतकाच्या शेवटी त्या राजाने इंग्लंडहून अल्क्विनसारखे पंडित आणून शाळा काढल्या, मठांतून जुने लॅटिन ग्रंथ उतरवून घेतले आणि त्यासाठी हे स्वच्छ वळण रूढ झालं. लॅटिन अभिजात ग्रंथांच्या आज हयात असलेल्या सर्वांत जुन्या प्रती बहुतांशी ९ व्या शतकातल्या आहेत त्या याच खटाटोपामुळे. फ्लॉरेन्सच्या मंडळींनी पुरातन म्हणून जे अक्षर उचललं ते सहाशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच एका पुनरुज्जीवनाचं होतं.

दिवसभर मोडीची लपेटी उलगडून दमल्यावर एखादं बाळबोध पान समोर आलं की डोळ्यांना जो विसावा मिळतो, तोच त्या लोकांना पोज्जोचं पान बघून मिळाला असणार. पोज्जोचा मित्र निक्कोलो निक्कोली तेच अक्षर भरभर, उजवीकडे कलतं लिहू लागला. १४७० मध्ये व्हेनिसला निकोलस जेन्सनने पोज्जोच्या वळणाचे छपाईचे खिळे पाडले, १५०१ मध्ये आल्दुस मानुतियसने कलत्या वळणाचे. आज कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सरळ आणि तिरपा टाइप दिसतो तो या दोन मित्रांच्या हाताचा.

अजून पुष्कळ आहे, पण मंडळींनी भर घालावी. चुकलं असेल तिथे सांगा.

सांजवेळ

फार आवडलं. सिसेरोला रागाने लिहिलेलं पत्र डोक्यातून जात नाहीये.

एक शंका. लॅटिन तर सगळ्या युरोपात होती. पॅरिसचं विद्यापीठ तेव्हा सगळ्यांत नावाजलेलं. मग हे पॅरिसला न होता इटलीतच का?

बोरू_आणि_दौत

सांजवेळ, पॅरिसला सगळं शिक्षण धर्मशास्त्र आणि तर्कशास्त्राकडे जाणारं होतं. तिथे लॅटिन हे वाद घालायचं हत्यार. ती धारदार हवी, सुंदर नसली तरी चाले. इटलीत विद्यापीठाचा मोठा धंदा कायद्याचा आणि शिकून बाहेर पडलेली माणसं राज्य, बाजार, कोर्ट यांत जाणारी. त्यांना दुसऱ्याला पटेल असं लिहावं आणि बोलावं लागे. आणि रोमन लोक याच गोष्टीत वस्ताद होते.

शिवाय साक्षरता. जोव्हानी व्हिल्लानी नावाच्या फ्लॉरेन्सच्या बखरकाराने १३३८ च्या आसपासचे आकडे दिले आहेत: वाचायला शिकणारी मुलं-मुली ८ ते १० हजार, सहा शाळांतून हिशेब शिकणारी मुलं १,००० ते १,२००, आणि चार मोठ्या शाळांतून लॅटिन व्याकरण-तर्क शिकणारे ५५० ते ६००. शहराची वस्ती लाखाच्या आत. आकडे थोडे फुगवलेले धरले तरी वाचणाऱ्यांचं एवढं दाट शहर तेव्हा दुर्मिळ होतं.

जुना_वाचक_नाशिक

ताई, लेख उत्तम आहे, पण एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटलं. एवढ्या लेखात अरब कुठेच नाहीत! आणि त्यांच्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही.

तुम्ही सांगता त्या पॅदुआच्या न्यायाधीशाच्या शंभर वर्षं आधी स्पेनमधल्या तोलेदो शहरात अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतरांचा कारखाना चालू होता. क्रेमोनाचा जेरार्ड इटलीहून तिथे गेला तो टॉलेमीचा खगोलशास्त्रावरचा ग्रंथ हवा म्हणून, आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत त्याने सत्तरच्या आसपास ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. ॲरिस्टॉटल, युक्लिड, इब्न सिनाचं वैद्यक. त्याच्या मागे बगदाद, जिथे ९ व्या शतकात ग्रीक शास्त्रं अरबीत आली आणि नुसती आली नाहीत, त्यांत मोलाची भर पडली. शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमने प्रकाश आणि दृष्टी यांवर जे लिहिलं ते लॅटिनमध्ये उतरलं नसतं तर चित्रकारांचा पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवायची रीत, कशावर उभा राहिला असता?

आणि अंक. पिसाचा लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात व्यापारी वसाहतीत वाढला, तिथे हिशेब शिकला आणि १२०२ मध्ये त्याने ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच तो सांगतो की हे नऊ अंक हिंदी लोकांचे आहेत. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हे अंक जमाखर्चात वापरायला बंदी केली होती. तरी पुढच्या पिढ्या हिशेबाच्या शाळांतून तेच शिकल्या. तुम्ही वर दिलेली ती हजार-बाराशे मुलं हेच अंक गिरवत होती. आपल्याकडून निघालेली गोष्ट तिथवर पोचली, याचा उल्लेख मराठी धाग्यावर तरी हवाच.

कागदसुद्धा अरबांकडूनच. फाब्रियानो गावच्या कागदगिरण्या १३ व्या शतकातल्या. सगळंच कातड्यावर लिहायचं असतं तर लोकांना एवढ्या नकला परवडल्या नसत्या.

बोरू_आणि_दौत

काका, कबूल. हे लेखात यायलाच हवं होतं आणि अंकांची जोड तर माझ्या लक्षातच आली नाही. मनापासून आभार.

एवढंच म्हणेन की दोन ओघ वेगळे होते. अरबीत गेलं ते मुख्यतः ग्रीकांचं शास्त्र, वैद्यक, गणित, तत्त्वज्ञान. महाकवी होमर, नाटककार, इतिहासकार, वक्त्यांची भाषणं यांचं भाषांतर करायची गरज बगदादला फारशी वाटली नाही. त्यामुळे १३ व्या शतकातल्या युरोपकडे ॲरिस्टॉटल होता, पण होमर नव्हता. पेट्रार्ककडे होमरची ग्रीक प्रत होती, कॉन्स्टँटिनोपलच्या एका अधिकाऱ्याने भेट पाठवलेली. त्याला ती वाचता येईना. तो ती छातीशी धरून उसासे टाकत असे, असं त्यानेच कळवलं आहे. ज्या ओघाबद्दल मी लिहिलं तो या भुकेचा आहे. तुम्ही सांगितलेला ओघ त्याच्या आधीचा आणि तितकाच मोठा. दोन्ही फ्लॉरेन्समध्ये एकत्र आले.

रोखठोक

अक्षर, पत्रं सगळं ठीक. पण पैशाशिवाय यातलं काही झालं असतं का? १२५२ पासून फ्लॉरेन्स सोन्याचा फ्लोरिन पाडत होतं, साडेतीन ग्रॅमचा, आणि तो अख्ख्या युरोपात चाले. लोकर, कापड, सावकारी. मेदिची या सावकार घराण्याने पैसे सोडले नसते तर पोथ्या कुणी विकत घेतल्या असत्या?

पारंब्या

रोखठोक, पैसा हवाच, पण त्याचा हिशेबही सरळ लागत नाही. फ्लॉरेन्सच्या सगळ्यांत मोठ्या पेढ्या, बार्दी आणि पेरुत्सी, १३४० च्या दशकात बुडाल्या. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला दिलेली कर्जं परत आली नाहीत हे त्यामागचं एक मोठं कारण. लगोलग १३४८ ची प्लेग, शहराची निम्म्याच्या आसपास माणसं गेली. म्हणजे शहर सर्वांत श्रीमंत होतं ते १३४० च्या आधीच्या चित्रकार जॉत्तोच्या काळात, आणि ज्या शतकाला आपण प्रबोधनाचं म्हणतो ते या मोडतोडीनंतरचं. उरलेल्यांच्या हातात वारशाने जास्त पैसा आला, मजुरी वाढली, धर्मसंस्थांना देणग्या मिळाल्या, हे खरं. पण पेढी बुडालेली आणि घराघरांतून प्रेतं निघालेली पिढी पुढे जुन्या पोथ्या का शोधत बसली, हे मला नुसत्या फ्लोरिनने उलगडत नाही.

ओतकाम_कोल्हापूर

आमचं घर तीन पिढ्या पितळ आणि पंचधातूच्या मूर्ती ओततं. धाग्यात दरवाजाचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण त्या दरवाजाच्या स्पर्धेचे दोन नमुने फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी लावलेत आणि त्यांचे फोटो मी तासन्‌तास पाहिलेत.

१४०१ मध्ये कापडव्यापाऱ्यांच्या संघाने बाप्टिस्ट्रीच्या दरवाजासाठी स्पर्धा लावली. सात जण उतरले. प्रत्येकाला ठरावीक ब्राँझ आणि एक वर्ष. विषय एकच: अब्राहम देवाच्या आज्ञेवरून मुलाचा, इसहाकचा बळी द्यायला निघतो आणि देवदूत अडवतो. शेवटी राहिले दोघे, गिबर्ती आणि ब्रुनेलेस्की, दोघेही विशीत-पंचविशीत आणि दोघेही सोनारकामात तयार झालेले.

ब्रुनेलेस्कीच्या पाट्यात जोर आहे. देवदूताने बापाचं मनगट धरलंय, सुरी गळ्याला टेकलीय. खाली कोपऱ्यात एक नोकर पायातला काटा काढतोय, ती बैठक एका जुन्या रोमन पुतळ्यावरून घेतलेली. पण त्याने आकृत्या वेगवेगळ्या ओतून मागच्या पत्र्यावर बसवल्या. गिबर्तीने मेणातच सगळं जुळवून जवळजवळ एकसंध ओतलं, इसहाक तेवढा वेगळा. आतून पोकळ ठेवलं. त्याचा नमुना सुमारे ७ किलोने हलका आहे.

सात किलो हे ऐकायला थोडं वाटतं. पण पूर्ण दरवाजाला असे २८ पाटे होते. दरवाजा जाऊद्या, आम्ही लहान मूर्ती ओततो तेव्हाही मेणाची जाडी सगळीकडे सारखी आली नाही तर रस एका जागी आधी गोठतो आणि तडा जातो. बोटभर जाडीचं एवढं कोरीव काम एका ओतात उतरवायचं म्हणजे रस कुठून शिरणार, हवा कुठून निघणार, हे सगळं आधी डोक्यात दिसायला लागतं. काम गिबर्तीला मिळालं आणि तो एक दरवाजा व्हायला १४०३ ते १४२४ लागली. त्याच्या नमुन्यातला इसहाक बघा. उघडं अंग, छातीचा पिंजरा, वळलेली मान, ख्रिस्ती कलेत असं शरीर तोवर फार क्वचित दिसलं होतं, तेही इतक्या आदरानं.

ताई, तुम्ही म्हणता अक्षरातून सुरुवात झाली. मी म्हणतो हातातून. पिसाच्या बाप्टिस्ट्रीत निकोला पिसानोने १२६० मध्ये व्यासपीठ कोरलं तेव्हा पिसातल्याच रोमन शवपेट्यांवरच्या आकृत्या बघून बघून कोरलं. पॅदुआच्या तुमच्या नोटरींच्या आधी. त्याला सिसेरोची गरज पडली नाही, दगड समोर होता.

बोरू_आणि_दौत

दादा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. आणि निकोला पिसानोबद्दल तुमचं म्हणणं मान्य करते. माझी 'पायाभरणी' कागदावरच बघायची सवय आहे, दगड निसटला. तरी एक भर: ब्रुनेलेस्की हाही नोटरीचा मुलगा, मासाच्चोही, आणि पुढे लिओनार्दो द व्हिंचीसुद्धा. त्या घरांतून लॅटिन आणि हातोडी दोन्ही बाहेर पडत होती.

पडवी

दोन वर्षांपूर्वी तो घुमट चढून आले. ४६३ पायऱ्या. घुमटाला दोन कवचं आहेत, आतलं आणि बाहेरचं, आणि जिना त्या दोघांच्या मधून जातो. वर जाताना भिंत अंगावर कलत येते आणि आपणही तिरके होतो. एका वळणावर थांबून विटांवर हात ठेवला. आडव्या विटांच्या रांगेत ठरावीक अंतराने एक वीट उभी, तिच्या शेजारच्या रांगेत थोडी पुढे सरकलेली, अशी माशाच्या काट्यासारखी नक्षी वर वर फिरत गेलेली. गाइडने सांगितलं की ही उभी वीट खालच्या ओल्या चुन्यातल्या विटांना घसरू देत नाही. खालून लाकडी आधार उभा करायचा तर सुमारे ४५ मीटरच्या त्या पोकळीला पुरेल एवढं लाकूड आणायचं कुठून, म्हणून ब्रुनेलेस्कीने आधाराशिवाय बांधायचं ठरवलं. १४२० ते १४३६, चाळीस लाखांवर विटा. वजन वर न्यायला बैलांवर चालणारं यंत्रही त्यानेच केलं.

तो आणि शिल्पकार दोनातेल्लो तरुणपणी रोमला जाऊन पडक्या इमारती मोजत, खणत फिरायचे आणि लोकांना वाटायचं हे गुप्तधन शोधतायत, असं त्याच्या जुन्या चरित्रात आहे. घरी आल्यावर माझ्या वडिलांना, ते गवंडीकाम करायचे, त्या विटांचे फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ज्याने हे लावलं त्याने आधी जमिनीवर लावून पाहिलं असणार."

कोरी_पाटी

प्रामाणिक प्रश्न आहे, वाद म्हणून नाही. जुनी लॅटिन घोकून, सिसेरोसारखं लिहून समाजाला काय मिळालं? दरवाजा, घुमट दिसतो तरी. मेलेल्या भाषेची शैली गिरवण्यात मोठेपण काय?

बोरू_आणि_दौत

कोरी_पाटी, एकच उदाहरण देते.

चौथ्या शतकात कॉन्स्टँटाइन बादशहाने पश्चिमेकडचं राज्य पोपला लिहून दिलं, असा एक दस्त होता. शतकानुशतकं पोप त्याच्या जोरावर राजांना हक्क सांगत. १४४० मध्ये लोरेंझो व्हाला नावाच्या विद्वानाने तो दस्त हातात घेतला आणि त्याची लॅटिन तपासली. त्यात 'सत्राप', म्हणजे इराणी सुभेदार, हा शब्द रोमच्या दरबारातल्या अधिकाऱ्यांना लावलेला. कॉन्स्टँटाइनच्या काळात असं कुणी म्हणत नसे. वाक्यरचना, पदव्या, सगळं नंतरच्या काळचं. शिवकालीन म्हणून पुढे केलेल्या कागदात 'कलेक्टर' शब्द निघावा, तसं. दस्त बनावट ठरला. आज तो ८ व्या शतकातला समजला जातो.

कुठला शब्द कुठल्या काळचा हे कान तयार झाल्याशिवाय कळत नाही, आणि तो कान सिसेरो घोकणाऱ्या तीन-चार पिढ्यांनी तयार केला. मोडी कागद खरा की बनावट हे ठरवताना आपण आजही हेच करतो.

रानजाई

यात बायका कुठे होत्या?

पारंब्या

रानजाई, फार थोड्या होत्या, आणि त्यांची वाट फार अवघड होती. व्हेरोनाची इसोत्ता नोगारोला (जन्म १४१८) विशीच्या आतच उत्तम लॅटिन लिहीत होती. तिने ग्वारिनो या नामांकित गुरूला पत्र पाठवलं. क्रायसोलोरसच्या शिष्यांपैकीच तो एक. त्याचं उत्तर बरेच महिने आलं नाही. गावातल्या बायका हसायला लागल्या. तिने पुन्हा लिहिलं की तुमच्या गप्प बसण्याने मी सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाले. तेव्हा कुठे उत्तर आलं. पुढे तिने लग्न केलं नाही, घरात राहून अभ्यास केला, आणि १४५१ मध्ये आदम-हव्वेत जास्त दोषी कोण यावर एका व्हेनिशियन सरदाराशी वाद घातला. तो लेखी स्वरूपात टिकला आहे.

गोंयकार_वाचक

अक्षराच्या मुद्द्याला आमच्या बाजूची भर. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला, भारतातला पहिला. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण राशोलला छापलं गेलं, पण देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. फ्लॉरेन्सला ज्या वळणाच्या अक्षराला सुरुवात झाली ते दोनशे वर्षांत आमच्या साष्टीत येऊन मराठी ओव्या उमटवत होतं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, ग्रंथ वाचला तो हस्तलिखित नकलांमुळे. हे आठवलं की पोज्जोची धावपळ परकी वाटत नाही.

बोरू_आणि_दौत

गोंयकार, हे वाचून अंगावर काटा आला.

सांजवेळ

मग १४५३ चं काय? त्याचा काहीच परिणाम नाही का?

बोरू_आणि_दौत

झाला ना. पण सुरुवात म्हणून नाही, तातडी म्हणून. १४३८-३९ मध्ये फेरारा आणि मग फ्लॉरेन्सला पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दोन्ही चर्चेसची परिषद भरली, तेव्हाच कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे बायझंटाइन, बादशहा शेकडो लोक घेऊन आला होता. त्यात बेसारियन नावाचे धर्मगुरू होते. ते पुढे इटलीतच राहिले, कार्डिनल झाले. शहर पडल्यावर त्यांनी ठरवलं की ग्रीक भाषेतलं जे जे मिळेल ते गोळा करायचं, नाहीतर नामशेष होईल. १४६८ मध्ये त्यांनी ७४६ हस्तलिखितं व्हेनिसला दिली, त्यांतली ४८२ ग्रीक. पुढे आल्दुसच्या छापखान्याने व्हेनिसलाच ॲरिस्टॉटल ग्रीकमध्ये छापला.

ही माणसं आली तेव्हा त्यांचं ऐकून घेणारे, ग्रीक जाणणारे लोक इटलीत दोन पिढ्यांपासून तयार होते. नाहीतर त्या पोथ्या नुसत्या पेटाऱ्यात राहिल्या असत्या, पेट्रार्कच्या होमरसारख्या.

जुना_वाचक_नाशिक

भाचीने परीक्षेत काय लिहायचं मग?

बोरू_आणि_दौत

१४५३ लिहायचं, गुण त्याला आहेत. पण तिने स्वतःहून आधी एक वाक्य जोडलंय: '१३९७ पासून फ्लॉरेन्समध्ये ग्रीक भाषा शिकवली जात होती.' बाई काय म्हणतील ते कळवीन.

पोज्जोची गोष्ट तिला जास्त आवडली. पोपची परिषद कॉन्स्टन्सला चालू होती, १४१५ मध्ये पोपलाच पदच्युत केलं आणि पोपचा चिटणीस पोज्जो रिकामा झाला. रिकामपणी तो मठ धुंडाळत फिरला. १४१६ मध्ये सेंट गॅलच्या मठात, बुरुजाच्या तळाशी, कैद्यालाही ठेवणार नाहीत अशा अंधाऱ्या, घाण खोलीत त्याला रोमन लेखक क्विंटिलियनचा वक्तृत्वशास्त्रावरचा ग्रंथ संपूर्ण सापडला. दाढी वाढलेला, मळलेला कैदीच जणू सुटकेची वाट बघत होता, असं त्याने मित्राला लिहिलं. १४१७ मध्ये रोमन कवी ल्युक्रेशियसचं सृष्टीवरचं काव्य हाती लागलं. त्याची नक्कल करवून त्याने ती फ्लॉरेन्सला निक्कोलीकडे पाठवली.

भाचीने विचारलं, "मावशी, मग त्या मित्राने ती परत केली का?" पोज्जो दहा-बारा वर्षं पत्रांतून मागत राहिला, निक्कोली ठेवून बसला होता. पोज्जोची ती प्रत आज कुठेच नाही. पण निक्कोलीने तिच्यावरून स्वतःच्या तिरप्या अक्षरात उतरवलेली प्रत फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे.